बेडार्ड की सेलेब्रिनी?
आज सकाळी तर्री-पोहे खाता खाता भाच्यासोबत मोबाइलवर आइस हॉकी पाहत होतो अन् वाद पेटला, बेडार्ड भारी की सेलेब्रिनी? दोघंही पोरं कॅनडातल्या व्हँकुव्हरकडची, दोघंही ड्राफ्टमध्ये (लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) अव्वल: 2023 मध्ये शिकागोनं कॉनर बेडार्डला घेतलं, 2024 मध्ये सॅन होजेनं मॅकलिन सेलेब्रिनीला.

भाचा बेडार्डवर फिदा. शॉट आहेच तसा! मारायच्या क्षणी पक (चेंडूऐवजी असलेली रबरी चकती) पायाशी ओढतो, कोन बदलतो. गोलकीपर जुन्याच कोनात उभा.

पण मला सेलेब्रिनी जास्त भावतो. पक गेला की मान खाली घालत नाही, आधी मागे धावतो. आपल्याच गोलसमोर पक हिसकावतो आणि तिथूनच चढाई सुरू करतो. सेंटरनं (आघाडीच्या मधल्या खेळाडूनं) असंच खेळावं. भाच्या, दोन गोल कमी झाले तरी चालतील, माझ्या संघात हाच पाहिजे!