सोनपाखराची झळाळी

श्रावणातल्या दोन सरींच्या मधल्या उन्हात, पुण्यात आमच्या भागातील टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या उद्यानात, कुंपणालगतच्या बोरीवर परवा सोनपाखरू, म्हणजे तो चमकदार हिरवा भुंगा, दिसले. ज्यांचे बालपण विदर्भात किंवा मराठवाड्यात गेले, त्यांना यात नवल वाटणार नाही. बाभळीचा पाला घालून काडेपेटीत सोनपाखरू पाळायचे, शाळेत दप्तरातून न्यायचे आणि त्याने अंडी घातली की वर्गभर मिरवायचे, हा तिकडच्या मुलांचा पावसाळी उद्योगच होता. शहरातल्या उद्यानात मात्र ते दिसणे अपूर्वाईचे.

अंगठ्याच्या पेराहून थोडे मोठे असेल. डोक्यामागच्या हिरव्या ढालीवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक बारीक खळगे होते आणि पाठीवरच्या टणक कवचावर फिकट पिवळसर ठिपके. पान कडेने कुरतडत ते शांतपणे पुढे सरकत होते. मी जरा डावीकडे झुकलो की हिरव्यात तांबूस सोनेरी छटा उतरे, उजवीकडे झालो की तोच भाग निळसर भासे.

हा रंग खरे तर रंगद्रव्याचा नव्हेच. कवचात एकावर एक अतिशय पातळ थर रचलेले असतात आणि त्यांच्यावरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून ही झळाळी निर्माण होते. म्हणूनच पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो, आणि म्हणूनच कीटक मेल्यावरही त्याची चमक जात नाही. जपानमधील नारा येथील होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला एक लाकडी देव्हारा आहे. त्याला याच कुळातील कीटकांचे पंख, म्हणजे पाठीवरची ही टणक कवचे, बसवलेले होते. त्यांतले बहुतेक गळून गेले असले, तरी उरलेले थोडे अजून चमकतात. आपल्याकडे मुघल काळापासून हे पंख जरीबरोबर कापडावर शिवले जात आणि एकोणिसाव्या शतकात अशी मलमल विलायतेतही जाऊ लागली. लंडनमध्ये १८८८ साली लेडी मॅक्बेथची भूमिका करताना एलन टेरी या अभिनेत्रीने घातलेल्या पोशाखावर असे सुमारे हजार पंख शिवलेले होते. रंगमंचावर तो पोशाख दिपवून टाकणारा असेल यात शंका नाही, पण हजार पंख म्हणजे निदान पाचशे कीटक, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

एवढी झगमग अंगावर घेऊन हा जीव पक्ष्यांच्या नजरेतून सुटतो तरी कसा? ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये असेच पंख झाडाझुडपांवर लावून पाहिले, तेव्हा एकरंगी पंखांपेक्षा चमकणारे पंख पक्ष्यांच्या तावडीतून अधिक वाचले. माणसांनाही ते शोधणे जड गेले. पावसाने धुतलेली पाने स्वतःच इतकी लखलखत असतात, की त्यांत आणखी एक लखलख सहज खपून जाते. तेव्हा ज्याला आपण मिरवणे समजतो, ते या कीटकाच्या बाबतीत लपणे असते.

प्रौढ सोनपाखराला पावसाळ्यातले काही आठवडेच मिळतात. त्याआधीचा सारा काळ अळी मातीत, मुळांवर गुजराण करत काढते. त्यामुळे त्याला बोर-बाभळीचा पाला जेवढा लागतो, तेवढीच उघडी, न खणलेली जमीनही लागते. आपल्या उद्यानांत नेमकी हीच उणीव आहे: पायवाटांना पेव्हर ब्लॉक, उरलेल्या जागेत हिरवळ आणि शोभेची विदेशी झुडपे. ही बोर वाचली, ती केवळ कुंपणाच्या कोपऱ्यात असल्यामुळे.

पाणी घालणारे माळीकाका मी काय निरखतो आहे ते पाहायला जवळ आले. "आमच्या गावाकडं बाभळीला लगडलेली असायची ही," ते म्हणाले. मग इथेही एखादी बाभूळ का लावत नाही, असे विचारल्यावर त्यांनी नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली. "लावली होती की. काटे लागतात म्हणून लोकांनी तक्रार केली, काढायला लावली."