स्पिन मंदावलं, पण मोटर शाबूत होती

सांगलीत जूनच्या शेवटी पाऊस धरला की दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत. अशा वेळी वॉशिंग मशीनचं स्पिन किती नेटानं होतं याला खरा अर्थ येतो. आमच्या 6.5 किलोच्या टॉप लोड मशीनचं स्पिन पूर्ण व्हायचं, पण कपडे निथळत बाहेर यायचे. 3 किलो कोरडे सुती कपडे स्पिननंतर 6.3 किलो भरले. झाकणाच्या काचेतून फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला, तर बास्केटचा वेग 520 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 520 फेरे होता. पाटीवर 700 लिहिलेलं. सल्ला मिळाला तो सरळ मोटर बदलण्याचा. तो मानला नाही.

अशा मशीनमध्ये साधी इंडक्शन मोटर असते, चार पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची. 50 हर्ट्झवर तिची मर्यादा 1500 आरपीएम. लोडवर 1400 च्या आसपास फिरते. बास्केट फिरवणाऱ्या क्लचची पुली (बेल्ट बसतो ते चाक) मोटरच्या पुलीच्या साधारण दुप्पट, म्हणून बास्केटला 700 मिळतात. मोटरचा वेग वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. त्यामुळे ती चालू असूनही बास्केट फार मागे पडत असेल, तर जोर कमी पडतोय किंवा वाटेत कुठेतरी निसटतोय.

सुरुवात मशीनबाहेरून केली. संध्याकाळी व्होल्टेज 190 पर्यंत उतरायचं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानुसार घटतो, म्हणजे 230 च्या तुलनेत 190 वर जेमतेम 68 टक्के. दुपारी 228 असताना पुन्हा चालवलं. वेग जवळपास तोच. पाण्याचा पाइप बाथरूमच्या उंबऱ्यावरून गेलेला होता. पंप नसलेल्या मशीनमध्ये पाणी उतारानंच जातं. पाइप उचललेला असला की बाहेरच्या टबात पाणी साचतं आणि बास्केट त्यात घासत फिरते. पाइप जमिनीलगत घेतला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग प्लग काढून मागचा पत्रा उघडला. मोटरला रेटा देणाऱ्या कपॅसिटरला हात लावण्याआधी तो रिकामा करायलाच हवा: दोन्ही टोकांना 60 वॅटचा बल्ब काही सेकंद जोडायचा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नये, ठिणगी जोरात उडते. पाटीवर 12 मायक्रोफॅरड, मीटरवर 7.4. चांगल्या कपॅसिटरमध्ये फरक 5 टक्क्यांच्या आत असतो. कपॅसिटर उतरला की मोटर गुणगुणते, रेटा कमी होतो, वायंडिंग (मोटरमधली तारेची वेटोळी) तापते. मग जास्त तापलं की वीज तोडणारा आतला थर्मल कटआउट ती बंद करतो आणि अर्ध्या तासानं मोटर आपोआप चालू होते. यालाच पुष्कळदा ‘मोटर गेली’ म्हणतात. नवा कपॅसिटर 12 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचाच घेतला. 15 चा टाकून वेग वाढत नाही, उलट वायंडिंग जास्त तापते.

हात घातलाच होता म्हणून वायंडिंगही तपासली. दोन्ही दिशांना फिरणाऱ्या या मोटरच्या दोन्ही वायंडिंग सारख्या असतात. तीन वायरींपैकी कॉमनपासून दोन्हींचा रोध सारखा आला, आणि त्या दोन टोकांमध्ये बरोबर बेरीज. बॉडीशी कुठेच संबंध नाही. मोटर चांगली होती. पुन्हा चालवलं: 610.

उरलेला वेग बेल्टवर जात होता. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत, मोटरची पुली घासून आरशासारखी, खाली काळी भुकटी. तोच नंबर वाचून नवा बेल्ट घेतला. मोटर लांबट भोकांत दोन बोल्टवर बसते. बोल्ट सैल करून ती मागे ओढायची आणि मग आवळायची. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर बेल्ट 8 ते 10 मिलिमीटर दबला की पुरे. जास्त ताणला तर मोटरचे बुश आणि क्लचचं बेअरिंग लवकर जातं, सैल ठेवला तर रबर जळल्याचा वास येतो.

पत्रा लावण्यापूर्वी क्लचची कांडी पाहिली. ड्रेन मोटर एकाच ओढीत पाण्याचा व्हॉल्व्ह उघडते, ब्रेक सोडते आणि क्लच स्पिनला लावते. केबल ताणून लांबली असेल तर कांडी अर्धीच सरकते. पाणी जातं, पण बास्केट अडखळत फिरते. आमची पूर्ण सरकत होती.

शेवटचं मोजमाप: 690 आरपीएम. तेच 3 किलो कपडे 5.4 किलो भरले, म्हणजे 900 मिलिलिटर पाणी जास्त निघालं. वेग एक तृतीयांशानं वाढला, पण पाणी फेकणारा जोर वेगाच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून तो पाऊणपट वाढला.

फ्रंट लोडमध्ये शोधायची जागा वेगळी. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये आधी ब्रशची लांबी आणि वेग मोजणारी टॅकोची कॉइल पाहावी. ब्रश झिजले की स्पिनमध्येच मोटर दम तोडते. बेल्ट नसलेल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ब्रश नाहीत, तिथं फिरणाऱ्या भागाची जागा ओळखणारा हॉल सेन्सर आणि त्याचा कनेक्टर पाहावा. 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या मशीनमध्ये मात्र हा क्रम नाही: तिथं कनेक्टर आणि बेअरिंग आधी, चालू करून पाहणं सगळ्यात शेवटी.