चाकरमानी, मांगर आणि २०२० चा मे महिना

आता सगळे म्हणतात की लॉकडाऊनचं काही आठवत नाही, ती वर्षं एकमेकांत मिसळून गेली. मला मात्र पहिले दोन-अडीच महिने चांगले आठवतात, आणि ते लिहून ठेवायला पाहिजेत असं कधीपासून वाटतंय, कारण त्या दिवसांत आमच्या गावाने आपल्याच माणसांशी जे केलं, वाईट आणि चांगलं दोन्ही, ते कुठल्या सरकारी कागदावर सापडणार नाही. मी सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात राहते, आचऱ्याच्या बाजूला. सासरची आंब्याची कलमं आहेत, त्यावर आणि थोड्या भातशेतीवर घर चालतं.

९ मार्चला होळी होती. त्याच दिवशी पुण्यात दुबईहून आलेले दोघं पॉझिटिव्ह निघाले, महाराष्ट्रातले पहिले पेशंट. आमच्याकडे शिमगा जोरात चालू होता, मुंबईहून पोरं आलेली, रोंबाट म्हणजे ढोल-ताशाची मिरवणूक, शबय म्हणजे शिमग्याची पोस्त मागत घरोघर फिरणं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचणं. टीव्हीवर बातमी लागली की कोणीतरी आवाज कमी करायचं. पुणं लांब वाटत होतं, दुबई तर त्याहून लांब. त्या शिमग्यात ज्या पोरांना आम्ही बळेबळे जेवायला बसवलं, त्यांच्यासाठीच महिन्याभरात गावाचा रस्ता बंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

मग सगळं पटापट झालं. १३ मार्चला सरकारने साथरोगाचा कायदा लावला, शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर २३ तारखेला होता तो पुढे ढकलला. शेजारची मुलगी रोज त्या पेपरची उजळणी करत बसायची, एप्रिलमध्ये तो रद्दच झाला. २२ ला जनता कर्फ्यू, त्याच दिवशी रेल्वे बंद, आणि २५ मार्चपासून एकवीस दिवस लॉकडाऊन. २५ ला पाडवा होता. आदल्या रात्री आठ वाजता भाषण झालं आणि तासाभरात आमच्या नाक्यावरच्या दुकानात साखर, तेल, काड्यापेट्या सगळं संपलं. सकाळी गुढी उभारली, नेहमीसारखीच, पण देवळात कोणी गेलं नाही.

गावात सगळ्यात आधी जाणवली ती एसटी नसल्याची गोष्ट. शहरातल्या माणसाला हे कळणार नाही. आमच्याकडे घड्याळ एसटीचं असतं, वस्तीची गाडी सुटली की चूल पेटवायची, दुपारची आली की पोस्टमन आणि पेपर, संध्याकाळची आली की बाजारातून माणूस घरी. गाडी बंद झाल्यावर म्हातारी माणसं अक्षरशः बावचळली. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, बीपीची गोळी कणकवलीहून यायची, तीसुद्धा बंद. शेवटी पोलीस पाटलांनी वाडीवाडीतून चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पास असलेला एक मुलगा बाइकवरून सगळ्यांची औषधं घेऊन आला. त्या मुलाला तोपर्यंत अर्धा गाव उनाड म्हणायचा.

भाजीचंही तसंच. आमच्या बाजारातली भाजी बेळगाव-कोल्हापूरची, घाटावरून ट्रक आला नाही की बाजार रिकामा. पण कोकणात मार्च-एप्रिलमध्ये माणूस उपाशी राहत नाही. फणसाची कुयरी, शेवग्याचा पाला, कुळथाची पिठी, सुके बांगडे, पेज. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी, काही दिवस थांबली होती, नंतर मच्छीमारीला परवानगी मिळाली तेव्हा मासे आले पण घ्यायला बाजार नाही, मोठ्या मासळीला गोव्याचं, मुंबईचं गिऱ्हाईक नाही. ज्यांचं पोट रोजच्या रोजगारावर होतं त्यांचे मात्र खरेच हाल झाले, आणि बागेतल्या नेपाळी गुरख्यांचे त्याहून जास्त. त्यांना घरी जायला गाडी नाही, सीमा बंद, घरून फोन येतात आणि इथे हातात काम किती दिवस राहील माहीत नाही. आमच्या बागेत एक कुटुंब होतं, लहान बाळासकट. त्या बाईला मी रोज बघायची, ती कोणाला काही मागत नव्हती. मागत नाही म्हणून तिला गरज नाही असं गावाने धरून चालायला नको होतं. मी सरपंचांना तसं बोलले, मग रेशन मिळालं.

आंब्याचं वर्ष आधीच उशिराचं होतं. २०१९ मध्ये पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, त्यात क्यार वादळ, मोहोर मागे गेला. फळ तयार झालं तेव्हा वाशीचं मार्केट कधी चालू कधी बंद. दलालाचा फोन लागेना. आमचे हे रात्र रात्र आढीकडे, म्हणजे गवतात पिकत घातलेल्या आंब्यांकडे, जाऊन बसायचे, कारण आंबा काही लॉकडाऊन पाळत नाही, तो पिकतो. तेव्हा कोणाच्यातरी भावाने पुण्याच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की देवगडचा आंबा थेट पाहिजे का, आणि दोन दिवसांत एवढ्या ऑर्डरी आल्या की पेट्या कमी पडल्या. मग पुठ्ठ्याचे बॉक्स, टेम्पोचा पास, गूगल पे. ज्या माणसाने आयुष्यात कधी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला नव्हता तो आता फोनवर सांगत होता की ताई, दोन दिवस थांबा, देठाकडे वास आला की खा. पुढे एसटीनेही मालवाहतूक सुरू केली आणि लाल गाडीतून माणसांऐवजी आंब्याच्या पेट्या मुंबईला गेल्या. हा एक बदल मात्र टिकला, आमची निम्मी विक्री अजून तशीच होते.

पण मला जे सांगायचंय ते चाकरमान्यांचं, म्हणजे पोटासाठी मुंबईला गेलेल्या आमच्याच माणसांचं.

कोकणातलं कुठलंही घर घ्या, त्याचा चिरा मुंबईच्या पैशाचा आहे. माझे सासरे गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गावी आले, पण घर उभं राहिलं ते त्यांच्या मनीऑर्डरीवर. तेव्हा दीर नालासोपाऱ्याला, एका खोलीत पाच माणसं, संडास चाळीचा सामाईक. एप्रिलमध्ये त्यांचं हॉटेलचं काम गेलं. मुंबईत पेशंट वाढत चालले, बातम्यांत वरळी, धारावी, आणि इकडे आमच्या ग्रामपंचायतीजवळ काही लोकांनी रस्त्यावर बांबू आडवा टाकला, फांद्या टाकल्या, पाटी लावली, ‘भायरच्या माणसाक गावात येवक बंदी’. आपल्या भाषेत लिहिलेली पाटी, आपल्याच माणसांसाठी. मार्चच्या शेवटी कणकवली तालुक्यात जिल्ह्यातला पहिला पेशंट सापडला होता, तेव्हापासून लोक घाबरलेले होते हे मला मान्य आहे. जिल्ह्यात तेव्हा टेस्टची लॅब पण नव्हती, स्वॅब बाहेर जायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. तरी तो बांबू मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. कारण बांबूने आजार अडत नाही, माणूस रात्री रानातून येतो, लपून राहतो आणि ताप आला तरी सांगत नाही. तेच झालं शेजारच्या गावात.

आणि माणसं येतच होती. कोकण रेल्वेच्या रुळावरून चालत. गाड्या बंद म्हणून रूळ मोकळा, बायका पोरं डोक्यावर बोचकी. करबुड्याचा एकटा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, त्या अंधारातून चालण्याची वेळ माणसावर का यावी? मे महिन्यात ई-पास सुरू झाले तेव्हा कशेडी घाटात आणि इकडे खारेपाटणच्या चेकपोस्टवर गाड्यांच्या रांगा, तपासणी, हातावर शिक्के, उन्हात तासनतास उभी राहिलेली लहान मुलं.

दिरांचा फोन आला तो रात्री. ‘वहिनी, आमी येतो, काय व्हायचा ता होवंदे.’ मी फोन आईंकडे दिला. आईंनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, ‘घर तुझा आसा, विचारतस कित्याक?’ पण वाडीत बैठक झाली तेव्हा तेवढं सोपं नव्हतं. एक काका म्हणाले की माझ्या नातवाला दमा आहे, त्याला काय झालं तर कोण बघणार. ते चुकीचं बोलत नव्हते. दुसरे एक जण म्हणाले की गणपतीला दहा हजार वर्गणी घेताना मुंबईवाले आपले, आणि आता भायले? दोघांचंही खरं होतं, आणि त्या बैठकीत मला वाटतं पहिल्यांदा कोणीतरी दोन खऱ्या गोष्टी एकत्र ठेवून विचार केला.

ते कोणी केलं तर वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीने. ती म्हणाली, ‘आमच्या सासूच्या टायमाक प्लेग इल्लो, तेवा लोकां घरां सोडून मांगरात जावन रवलेली. आता मांगर काय मेलेत?’ मांगर म्हणजे बागेतलं, शेतातलं खोपटं, गवत, अवजारं, आंबे ठेवायला. आणि आमच्या पट्ट्यात तर गाव सोडून राहायची सवय देवाने लावलेली आहे. आचरा, चिंदर, वायंगणी ह्या गावांची गावपळण असते, काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस तीन रात्री राहतं, घरात दिवा लागत नाही. त्यामागचं कारण आरोग्याचं होतं की काय ह्यावर लोक वाद घालत बसतात, मला त्यात पडायचं नाही. पण वेगळं राहणं म्हणजे वाळीत टाकणं नव्हे, हे आमच्या लोकांना कोणी शिकवायची गरज नव्हती, फक्त आठवण करून द्यायला एक आजी लागली.

साथरोगाचा जो कायदा सरकारने लावला तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. तेव्हाही मुंबई सोडून लाखो माणसं पळाली आणि त्यातली कितीतरी कोकणातच आली, बोटीने, चालत, जमेल तसं. म्हणजे आमच्या पणज्यांनी हे सगळं एकदा केलेलं आहे. मला राग ह्याचा येतो की सव्वाशे वर्षांनी परत तेच झालं तेव्हा मुंबईत राबणाऱ्या माणसाला आधी घरी पोचवायची सोय करू, मग दारं बंद करू, असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. चार तासांची मुदत दिली. चार तासांत नालासोपाऱ्याचा माणूस पनवेललासुद्धा धड पोचत नाही.

बैठकीनंतर बांबू निघाला. ज्यांच्या घराला वेगळा संडास आणि वेगळी खोली आहे त्यांनी घरात, नाहीतर मांगरात, ज्यांना दोन्ही नाही त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत, असं ठरलं. ग्राम समिती होतीच, सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील. पण खरं काम केलं आशाताईंनी आणि अंगणवाडीच्या बाईंनी, उन्हातान्हात, घरोघर, वहीत ताप लिहून घेत, आणि लोक त्यांनाच घाबरून दार लावून घ्यायचे. आमच्या आशाताई स्वतःच्या घरी पडवीत झोपायच्या, मुलांना आत ठेवून. त्या बाईला गावाने काय दिलं? एक शाल आणि नारळ, पंधरा ऑगस्टला. मानधन वेळेवर मिळावं म्हणून पुढे त्यांना मोर्चे काढायला लागले.

दीर, जाव आणि मुलं पहाटे आली. खारेपाटणला रात्र गेली होती. आम्ही मांगर आधीच सारवून ठेवलेला, वायर ओढून एक बल्ब, पाण्याचं पिंप, चटया, मच्छरदाणी. मी जेवणाचा डबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवायची आणि मागे सरकायची, मग पुतण्या येऊन न्यायचा. तो पहिल्या दिवशी डबा घेऊन तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, काकी, तू जवळ का नाय येत? पाच वर्षांच्या मुलाला काय सांगणार. आई रोज संध्याकाळी गडग्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसायच्या आणि मुलगा पलीकडे दगडावर, दोघं मोठ्याने बोलायची, त्यामुळे घरातलं सगळं भांडण, कर्ज, जमिनीचा हिस्सा, अख्ख्या वाडीला ऐकू गेलं. चौदा दिवस कोणाला काही झालं नाही. शाळेतल्या एकाला मात्र झालं, अ‍ॅम्ब्युलन्स आली, तो बरा होऊन परत आला तेव्हा त्याच्या दारात कोणी जाईना. दम्याच्या नातवाचे काका सगळ्यात आधी गेले, मास्क लावून, शहाळं घेऊन.

सगळीकडे असं झालं नाही हे मला माहीत आहे. कुठे भावाने भावाला घराची चावी दिली नाही, कुठे विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, आणि ती भांडणं अजून मिटलेली नाहीत. आमच्याच वाडीतला एक माणूस मुंबईत वारला, सायन बाजूला राहायचा, शेवटचं तोंड कोणाला बघायला मिळालं नाही. त्याच्या आईने अकरावं, बारावं इथे केलं, भटजी फोनवर.

पाऊस लागल्यावर दीर आमच्याबरोबर लावणीला उतरले, कित्येक वर्षांनी. दिवाळीच्या सुमारास हॉटेल परत चालू झालं तसे ते एकटे मुंबईला गेले. जाव आणि मुलं राहिली. पुतण्याचं नाव गावच्या शाळेत घातलं आहे, त्याच शाळेत, जिथे मे महिन्यात माणसं क्वारंटाइन होती. मास्तर खूश आहेत, पट कमी म्हणून शाळा बंद व्हायची भीती होती ती सध्यातरी टळली. जाव बचत गटात आंबापोळी करते आणि मुंबईतल्या त्यांच्या जुन्या चाळीतच विकते, ऑर्डर घ्यायचं काम दिरांकडे.