चारही चुंबक जागच्या जागी
मंगळवार, रात्री उशिरा

गाडीत अण्णांच्या ग्लाससाठी प्लास्टिकच्या डब्याला चुंबक चिकटवून मी केलेला होल्डर पडला. वळणावर ग्लास आडवा झाला, पाणी अण्णांच्या मांडीवर, होल्डर त्यांच्या पायाशी. "पाणीच आहे रे," एवढंच म्हणाले. त्यानंतर घर येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

पडल्याचं एवढं वाटलं नसतं. गाडी थांबवून खाली वाकलो तेव्हा जे दिसलं ते मनातून जात नाही. चारही चुंबक सीटखालच्या लोखंडी पट्टीवर जिथल्या तिथे होते. प्रत्येकाच्या पाठीवर इपॉक्सी गोंदाची चकती, तीही शाबूत. आणि डब्याचा तळ कोरा. ओरखडे होते ते मीच पॉलिश पेपरने काढलेले. गोंदाचा एक कण नाही की साधा डाग नाही.

तुटलं असतं तर चाललं असतं. तुटलं म्हणजे आधी जोडलेलं तरी होतं. इथे दोन दिवस मी ज्याला घट्ट समजत होतो ते घट्ट नव्हतंच, नुसतं टेकलेलं होतं.

काय कमी केलं मी? तीन संध्याकाळी घालवल्या. घासलं, स्पिरिटने पुसलं, दोन नळ्यांचा इपॉक्सी समान मापाने कालवला, 24 तास वजनाखाली ठेवलं. ओढूनही पाहिलं होतं, सरळ वर. कडेने उचकटून पाहिलं नाही. गाडी वळताना भरलेला ग्लास कलतो आणि कडेनेच उचकटतो, हे तेव्हा सुचायला हवं होतं. सगळं मीच सुचवून घ्यायचं, मीच करायचं, आणि वर... जाऊ दे. ती फोनवर म्हणाली, "विकतचा आण ना." तिला काय सांगणार.

रात्री हात धुताना इपॉक्सी कालवलेली वाटी दिसली. तळाशी उरलेला गोळा वाळून दगड झाला होता. अंगठ्याने दाबलं तर टक् करून अख्खा बाहेर आला. वाटी पुन्हा नवी. दर वेळी असंच होतं आणि दर वेळी मला बरं वाटतं, वाटी फुकट गेली नाही म्हणून. आज उलटी करून पाहिली. त्रिकोणात 5, खाली पीपी. मग होल्डरचा डबा उलटा केला. तोही 5.

म्हणजे पॉलिप्रोपिलीन. जो गुण वाटीत मला आवडतो तोच डब्यात नडला. इन्स्टंट ग्लूची बाटलीसुद्धा पॉलिइथिलीनची असते, याच्या सख्ख्या भावाची. आतला गोंद जन्मभर तिच्या भिंतींना लागून असतो, पण धरत नाही. ती बाटली मी कितीदा हातात घेतली असेल.

डब्यावर पाण्याचे थेंब टाकले. गोल गोल मणी झाले. काचेवर ते पसरले असते. गोंदाने धरायचं तर आधी त्याने पसरायला हवं, पृष्ठभागाला ओलं करायला हवं. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे स्वतःला गोळा करून धरायची ओढ, 72 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास; पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला पसरवून घ्यायची ओढ, त्याच मापात जेमतेम 30. त्याच्या रेणूंमध्ये कार्बन आणि हायड्रोजनच, गोंदाला पकडायला हूकच नाही. मी घासून खाचा पाडल्या, पण खाचेच्या आतही तेच प्लास्टिक. चुंबकावरच्या निकेलच्या मुलाम्याला मात्र इपॉक्सी छान धरतो. म्हणून चकत्या चुंबकाकडे गेल्या.

हे कळल्यावर जरा श्वास मोकळा झाला. माझ्या हाताचा दोष असेलही थोडा, पण या प्लास्टिकने कुणाच्याही हातून तेच केलं असतं.

मग झोपच आली नाही. डब्याच्या झाकणावरून लायटरची निळी ज्योत फिरवली, भरभर, एका जागी क्षणभरसुद्धा न थांबवता. थांबली तर ते वितळतं. ज्योतीने वरच्या थरात ऑक्सिजन बसतो. पाणी टाकलं तर मणी झाले नाहीत, पातळ पडदा पसरला. तेच झाकण! मी तीनदा पाणी टाकून पाहिलं. हा परिणाम हळूहळू उतरतो म्हणून लगेच इपॉक्सी लावून त्यावर एक चुंबक ठेवला आहे. पॉलिप्रोपिलीनसाठी गोंदाआधी लावायचा वेगळा प्रायमर असतो, खास ॲक्रिलिक गोंदही असतात.

पण अण्णांच्या शेजारी गोंदावर भिस्त ठेवणार नाही. त्यांचा हात आता... कधी ग्लासात गरम असतं. होल्डरला स्क्रूच. मधे खोलगट भोक असलेले चुंबक आहेत माझ्याकडे. स्क्रूचं डोकं आत बसतं, डब्याच्या आतून रुंद वॉशर आणि नट. फार आवळायचं नाही, हे चुंबक ठिसूळ असतात, तडकतात. खाली पातळ रबर, कारण सरळ ओढायला चुंबक जेवढा जोर घेतो त्याच्या थोड्याच जोरात तो बाजूला घसरतो. आणि जागा तीच, सीटखाली. डॅशबोर्डजवळ उन्हात नको, साध्या निओडिमियम चुंबकाला 80 अंशांपुढची उष्णता सोसत नाही.

डब्याला भोकं पाडायची नव्हती मला. तळ गुळगुळीत राहावा, कुठे काही दिसू नये, असं फार मनात होतं. आत्ता चार भोकं पाडली. प्लास्टिकच्या कुरळ्या पट्ट्या टेबलभर झाल्यात. तळ काही सुंदर दिसत नाही, पण कडेने, सरळ, पिरगाळून, सगळीकडून ओढून पाहिलं.

झाकणावरचा चुंबक सकाळपर्यंत तसाच ठेवणार. त्याची गरज उरलेली नाही, तरी तो कसा सुटतो ते मला बघायचं आहे. आणि पुढच्या मंगळवारी ग्लास अर्धाच भरेन.