टाकून दिलेले माध्यम

पार्किन्सन झालेल्या एका व्यक्तीने संशोधनासाठी दिलेल्या त्वचेच्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींवर मी काम करीत होते. त्यांच्यातील व्हीपीएस३५ या प्रथिनात ६२० व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजिन होते. हा बदल काही कुटुंबांतील पार्किन्सनचे कारण असल्याचे २०११ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत तो असला तरी आजार होऊ शकतो.

व्हीपीएस३५ हा रेट्रोमर या अनेक प्रथिनांच्या संकुलाचा कणा आहे. एंडोसोम या पेशीतील छाननीच्या पिशवीत आलेल्या प्रथिनांची तेथे निवड होते : मोडायची ती लायसोसोम या पचनाच्या पिशवीकडे जातात आणि पुन्हा वापरायची ती रेट्रोमरच्या मदतीने गॉल्जी या पेशीतील पाठवणी केंद्राकडे किंवा पेशीपटलाकडे परततात. अशा परतणाऱ्यांपैकी एक म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट रिसेप्टर. तो गॉल्जीतून कॅथेप्सिन डी हे विकर (एन्झाइम) उचलतो, एंडोसोममध्ये उतरवतो आणि पुढचे ओझे नेण्यासाठी माघारी येतो. लायसोसोममध्ये पोहोचल्यावर छाटले जाऊन पक्व झालेले हे विकर अल्फा-सिन्यूक्लिन मोडणाऱ्या महत्त्वाच्या विकरांपैकी एक आहे, आणि पार्किन्सनमध्ये चेतापेशींत साचते ते हेच अल्फा-सिन्यूक्लिन.

तीन महिने मी या पेशी फोडून त्यांतील प्रथिने तपासत होते आणि हाती काही लागत नव्हते. व्हीपीएस३५ पुरेसे होते, व्हीपीएस२६ आणि व्हीपीएस२९ हे त्याचे जोडीदारही त्याला बिलगून होते. पक्व कॅथेप्सिन डी किंचित कमी भासे, पण तेवढा फरक निरोगी पेशींच्या दोन बश्यांमध्येही पडत असे. प्रयोग बंद करावा, असे सांगण्यासाठीच मी त्या सकाळी मॅडमकडे गेले होते. त्यांनी सारे ब्लॉट, म्हणजे प्रथिनांचे पट्टे दाखवणारे पडदे, शांतपणे पाहिले आणि विचारले, "रिसेप्टर वेळेवर परतत नसेल, तर गॉल्जीत ताटकळलेले कॅथेप्सिन जाते कुठे?"

उत्तर मला पाठ होते : ते बाहेर जाणाऱ्या वाटेला लागते आणि पेशीबाहेर स्रवते. म्हणजेच ते ज्या माध्यमात पेशी वाढतात त्या माध्यमात असणार होते, आणि ते माध्यम मी प्रत्येक वेळी पेशी फोडण्यापूर्वी शोषून ब्लीचमध्ये ओतत आले होते.

उपासमारीच्या वेगळ्या प्रयोगासाठी आदल्या रात्री सहा बश्या सिरमविरहित, म्हणजे रक्तातील द्रव न घातलेल्या, माध्यमात ठेवलेल्या होत्या, हा निव्वळ योग. सिरममधील प्रथिनांची गर्दी असती तर एवढे विरळ विकर दिसणे कठीण होते. मी ते माध्यम काढून घेतले, सुटलेल्या पेशी खाली बसवल्या आणि उरलेला द्रव गाळणीच्या नळ्यांतून आटवला. कोणती नळी कोणाची हे मला कळू नये म्हणून सहकाऱ्याने नळ्यांवर फक्त अंक घातले. जेल, ट्रान्सफर, अँटिबॉडी असे करीत रात्रीचे साडेनऊ वाजले.

पडद्यावर सुमारे ५२ किलोडाल्टन वजनाच्या जागी, म्हणजे न छाटलेल्या, अपक्व कॅथेप्सिनच्या जागी, तीन पट्टे ठळक उमटले आणि तीन जेमतेम दिसत होते. सहकाऱ्याने यादी उघडली. तिन्ही ठळक पट्टे बदल असलेल्या पेशींचे होते. पेशी मरून फुटल्या असतील आणि आतले सारेच गळले असेल, ही शंका मला लगेच आली, म्हणून तोच ब्लॉट ॲक्टिन या पेशीच्या आत राहणाऱ्या प्रथिनासाठी पुन्हा तपासला. माध्यमात ॲक्टिन दिसले नाही.

रेट्रोमर शाबूत असून काम अडते, याचा एक खुलासा आधीच्या संशोधनात सापडतो : या बदलामुळे वॉश या संकुलाशी त्याची पकड सैल होते. एंडोसोमच्या पृष्ठभागावर ॲक्टिनचे फाटे उभारणाऱ्या वॉशशिवाय परतीचा माल नीट वेगळा निघत नाही. प्रथिन आहे की नाही, एवढेच मी तीन महिने मोजत राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण ज्या व्यक्तीने त्वचेचा तुकडा दिला तिच्या पेशी हे उत्तर दर वेळी बाहेर टाकत होत्या.

त्वचेच्या पेशी विभागतात आणि साचलेला भार वाटून घेतात; चेतापेशींना ती सोय नाही. त्यामुळे एका रात्रीतली एवढीशी गळती चेतापेशीत अनेक दशके चालू राहिली तर काय होईल, हा प्रश्न मला त्वचेच्या पेशींवरून सोडवता येणार नव्हता. एका ब्लॉटवर विश्वास ठेवणेही योग्य नव्हते. निघण्यापूर्वी मी द्रव नायट्रोजनमधून दोन्ही प्रकारच्या पेशींच्या नव्या कुप्या काढून वितळवल्या आणि वहीत पुढच्या तीन फेऱ्यांच्या तारखा लिहिल्या. प्रत्येक तारखेखाली माध्यमासाठी एक वेगळा रकाना आखला.