तुम्ही विचारलंत म्हणून: पेटी, म्हणजे हार्मोनियम, पुन्हा कशी काढलीत?

"वहिनी गेल्या आणि तीन महिन्यांत तुम्ही पेटीवर बसलात. कसं जमलं?" भेटेल तो विचारतो. कुणाच्या स्वरात काळजी असते, कुणाच्या थोडी नाराजी.

मी साथीदार. २६ वर्षं हिच्या गळ्यामागून चाललो. हिची पट्टी, म्हणजे जिथे हिचा सा लागायचा ती जागा, पेटीवरची काळी पाच. गाणारा श्वास घेतो तेवढ्या फटीत आपलं काय ते वाजवायचं आणि पुन्हा मागे यायचं, हेच साथीचं काम. हिचा श्वास कुठे तुटणार ते माझ्या बोटांना आधी कळायचं.

ती श्रावणात गेली. चिपळूणच्या त्या ओल्या हवेत पेटी खोक्यात तशीच पडून राहिली. दिवाळीनंतर उघडली ती देऊन टाकायला. देवळातल्या बायकांच्या भजनी मंडळाकडे पेटी नव्हती. द्यायची तर धड तरी असावी, म्हणून भाता ओढला. मधल्या सप्तकातला पंचम बोलेना. वरची फळी काढली, रीडवर बसलेली घाण मऊ ब्रशने झटकली, पुन्हा भाता ओढला. बोलला.

बोटं आपोआप काळी पाचवर गेली. तिच्या आवडत्या अभंगाचा मुखडा वाजवला आणि थांबलो. थांबायचंच असतं तिथे, पुढचं गाणाऱ्याचं असतं. भात्यातली हवा संपेपर्यंत मी थांबून होतो. तिच्यासाठी मोकळेपणी रडलो तो त्या दिवशी, दहाव्या-तेराव्याला नाही.

पेटीला मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर गळा जसा ओघळत जातो, तसं तिला जाता येत नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली गेली, आणि ती तीसेक वर्षं टिकली. मला ही उणीव कधी जाणवलीच नव्हती. दोन सुरांमधली जागा हिचा गळा भरून काढत होता ना.

पेटी पोचवायला गेलो तर मंडळातल्या आजी म्हणाल्या, "नुसती पेटी घेऊन काय करू रे बाबा? वाजवणारा पण दे."

तेव्हापासून दर गुरुवारी जातो. नऊ बायका, नऊ ठिकाणी श्वास. पट्टी कधी काळी तीन, कधी काळी चार, त्या दिवशी लागेल ती. इथे सवयीची बोटं कामाची नाहीत, कान उघडे ठेवून बसावं लागतं. त्या दीड तासात माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही, आणि ते मला हवं असतं.

त्यांच्यातल्या एकीचा मुलगा गेला आहे. एका ठरावीक चरणाला तिचा आवाज जातो. बाकीच्या पुढे जात नाहीत, टाळ हळू करतात. मी षड्जावर बोट ठेवतो आणि भाता अगदी सावकाश चालवत राहतो, तिचा आवाज परत येईपर्यंत.