ला देमाहाग्वाची घंटा

क्युबाच्या पूर्वेस, मांसानियो शहराजवळचा ला देमाहाग्वा हा मळा पाहताना माझे पाय सर्वाधिक रेंगाळले ते तिथल्या घंटेपाशी. एरवी गुलामांना कामावर बोलावणारी हीच घंटा मळ्याचे मालक कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस यांनी १० ऑक्टोबर १८६८ रोजी वाजवली, आपल्या गुलामांना मुक्त केले आणि स्पेनविरुद्धच्या लढ्यात सामील होण्याचे आवाहन केले. पुढे स्पॅनिश तोफांनी साखर कारखाना उद्ध्वस्त केला. त्याच्या अवशेषांतील लोखंडी दातेरी चाकाला आज एका झाडाने आपल्या खोडात पुरते कवटाळले आहे. सेस्पेदेस ‘राष्ट्रपिता’ ठरले, हे योग्यच. मात्र त्या दिवसापर्यंत तेही गुलामांचे मालकच होते, आणि क्युबातील गुलामगिरी कायद्याने संपायला १८८६ साल उजाडले.